कृष्णधवल फोटो: कोणत्या रंगाला कोणता करडा द्यायचा?

करडी_छटा

रंगीत फोटो कृष्णधवल करायचा म्हटलं की बहुतेक जण सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) शून्यावर नेतात आणि मोकळे होतात. फोटो मळकट, सपाट दिसतो. मग कॉन्ट्रास्ट वाढवून पाहायचा, तरी मनासारखं होत नाही, आणि शेवटी खापर कॅमेऱ्यावर नाहीतर त्या दिवशीच्या उजेडावर फुटतं. माझं म्हणणं असं की गडबड पहिल्याच पायरीवर झालेली असते. रंग काढून टाकणं हे काम नाहीच. कोणत्या रंगाला किती उजळ किंवा किती गडद करडा द्यायचा, हे ठरवणं हे काम आहे. ते आपण ठरवलं नाही तर सॉफ्टवेअर ठरवतं, आणि त्या चौकटीत आपल्याला काय महत्त्वाचं वाटलं होतं हे त्याला ठाऊक नसतं.

हिरव्या पानांतलं लाल फूल घ्या. फाइलमध्ये प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात, ० म्हणजे काळोख आणि २५५ म्हणजे पूर्ण उजेड. समजा पाकळीचे आकडे लाल २००, हिरवा ४०, निळा ५० असे आहेत आणि शेजारच्या पानाचे लाल ६०, हिरवा १२०, निळा ५०. डोळ्यांना दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. आता सर्रास वापरलं जाणारं सूत्र लावू: लालचे ०.२९९, हिरव्याचे ०.५८७, निळ्याचे ०.११४ असे भाग घेऊन बेरीज. फूल येतं ८९, पान ९४. म्हणजे ज्या फुलासाठी फोटो काढला ते पानातच विरघळलं! तिन्ही आकड्यांची साधी सरासरी घेतली तर फूल ९७ आणि पान ७७. फोटोशॉपमधलं डीसॅच्युरेट सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा घेऊन त्यांचा मध्य काढतं, तिथे फूल १२० आणि पान ८५. एकाच फोटोची तीन उत्तरं, आणि एका उत्तरात तर पान फुलापेक्षा उजळ.

आता तेच तीन आकडे, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा चॅनेल, स्वतंत्र पाहा. लाल चॅनेलमध्ये फूल २०० आणि पान ६०, म्हणजे फूल उजेडासारखं पेटलेलं. हिरव्यात फूल ४० आणि पान १२०, म्हणजे काळसर फूल आणि मऊ उजळ पानं. निळ्यात दोन्ही ५०, फूल गायब. हे तिन्ही फोटो आपल्या फाइलमध्ये आधीपासून पडलेले आहेत, फक्त कुठला किती घ्यायचा ते सांगायचं. चॅनेल मिक्सरमध्ये (प्रत्येक चॅनेलचा वाटा ठरवायचं साधन) लाल ७०, हिरवा ३०, निळा ० टक्के ठेवलं तर फूल १५२ आणि पान ७८. उलट लाल १०, हिरवा ८०, निळा १० ठेवलं तर फूल ५७ आणि पान १०७. दोन्ही फोटो खरे आहेत. पहिल्यात फूल उजळ होऊन पुढे येतं, दुसऱ्यात ते पानांच्या उजेडात एक गडद, जड आकार होऊन बसतं. मला स्वतःला गर्द लाल फुलासाठी दुसरा जास्त आवडतो. पाकळीच्या कडेवरची चमक तिथे फार सुंदर उठून येते.

तुम्ही सगळे हे कसं करता? चेहरे, आकाश, जुने फोटो, काहीही चालेल. आकड्यांसकट लिहिलंत तर अजून बरं.

वाटसरू

छान धागा. मी सगळं फोनवरच करतो. सॅच्युरेशन शून्य, मग कॉन्ट्रास्ट. चॅनेल मिक्सर फोनवर मिळतो का? आणि एक मूलभूत शंका: कॉन्ट्रास्ट वाढवून तोच परिणाम का येत नाही?

करडी_छटा

वाटसरू, कॉन्ट्रास्ट वाढवताना सॉफ्टवेअरला फक्त करडा दिसतो. फूल ८९ आणि पान ९४ झालं की त्या दोघांना वेगळं करणारी माहितीच उरलेली नसते. कॉन्ट्रास्ट कितीही ताणा, ते दोघं हातात हात घालूनच हलणार. म्हणून आधी मिश्रण, मग कॉन्ट्रास्ट.

फोनवर स्नॅपसीडच्या कृष्णधवल साधनात रंगीत फिल्टर निवडता येतो: लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. तो मिक्सरचाच तयार साचा समजा. लाइटरूममध्ये आठ रंगांच्या सरकवायच्या पट्ट्या आहेत, त्या रंगाचा करडा उजळ किंवा गडद करणाऱ्या. फोटोशॉपच्या ब्लॅक अँड व्हाइट अ‍ॅडजस्टमेंटमध्ये सहा. फुकटात हवं असेल तर गिंपमध्ये मोनो मिक्सर आहे, रॉथेरपीमध्ये कृष्णधवलचं स्वतंत्र साधन आहे, आणि डार्कटेबलमध्ये कलर कॅलिब्रेशनच्या ग्रे टॅबमध्ये तिन्ही चॅनेलचं प्रमाण देता येतं.

पिक्सेलपंत

वर दिलेल्या सूत्रातले आकडे कुठून आले ते सांगतो, कारण ते कळलं की त्यांचा धाक जातो.

आपला डोळा हिरव्याच्या आसपास, साधारण ५५५ नॅनोमीटरला, दिवसाच्या उजेडात सर्वांत संवेदनशील असतो. तेवढ्याच ऊर्जेचा निळा प्रकाश आपल्याला खूप अंधुक वाटतो. म्हणून हिरव्याला मोठा वाटा आणि निळ्याला अगदी थोडा. ०.२९९, ०.५८७, ०.११४ हे १९८२ च्या ६०१ क्रमांकाच्या टीव्ही मानकातले आकडे. पुढे एचडी टीव्हीसाठी ७०९ आलं, त्यात लाल ०.२१२६, हिरवा ०.७१५२, निळा ०.०७२२. करडी_छटा यांच्या फुलाला हे दुसरं सूत्र लावलं तर फूल ७५ आणि पान १०२ येतं. म्हणजे 'डोळ्याला दिसतं तसं' म्हणणारी दोन सूत्रंही एकमेकांशी जुळत नाहीत. दोन्ही सूत्रं टीव्हीच्या प्रसारणासाठी बांधलेली आहेत. आपला फोटो कसा दिसावा हा प्रश्न ती बांधणाऱ्यांपुढे नव्हताच.

कॅमेऱ्याच्या सेन्सरमध्येही हाच हिशोब आहे. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १९७६ साली पेटंट मिळालेल्या रंगीत फिल्टरांच्या जाळीत निम्मे पिक्सेल हिरव्याचे, पाव लालचे आणि पाव निळ्याचे असतात. त्यामुळे हिरवं चॅनेल बहुधा सर्वांत स्वच्छ असतं आणि निळं सर्वांत दाणेदार. घाईत एकच चॅनेल उचलायचं झालं तर हिरवं उचला.

अजून एक गोष्ट. भडक, शुद्ध रंग आपल्याला त्यांच्या मोजलेल्या उजेडापेक्षा जास्त उजळ भासतात. याला हेल्महोल्ट्झ-कोलराउश परिणाम म्हणतात. क्लोद मोने यांचं १८७२ सालचं सूर्योदयाचं प्रसिद्ध चित्र आठवा. त्यातला नारिंगी सूर्य किती तळपतो! पण चित्राचा रंग काढला तर सूर्य आजूबाजूच्या ढगांत जवळजवळ नाहीसा होतो, कारण दोघांचा उजेड सारखाच आहे. सूर्य तळपतो तो निव्वळ रंगाच्या जोरावर. सूत्राने केलेल्या कृष्णधवलात असे रंग नेहमीच मार खातात. तिथे माणसानेच हात घालावा लागतो.

अंधारखोली

पंत, उत्तम माहिती. मी फिल्मच्या काळातला माणूस, त्या बाजूने भर घालतो. तुम्ही लोक जे पट्टी सरकवून करता ते आम्ही लेन्सवर काच चढवून करायचो. नियम एकच: फिल्टर आपल्या रंगाच्या वस्तू उजळ करतो आणि विरुद्ध रंगाच्या गडद. पिवळा ८ नंबर लावला की आकाश थोडं उतरतं आणि ढग मोकळे होतात. लाल २५ लावला की आकाश काळवंडतं. किंमत उजेडात मोजावी लागायची. पिवळ्याला एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), लाल २५ ला तब्बल तीन.

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १९२७ साली योसेमिटीतल्या हाफ डोम या कड्याचा फोटो काढला. आधी पिवळा फिल्टर लावून एक प्लेट (फिल्मच्या जागी असायची ती काच) उघडली. मग त्यांना वाटलं की कड्याचा जो दरारा मनात आहे तो यात येणार नाही, म्हणून उरलेल्या प्लेटवर गर्द लाल २९ नंबर लावून पुन्हा काढला. दुसऱ्यात आकाश जवळजवळ काळं आणि कडा अंगावर येणारा. प्रत्यक्षात आकाश तसं नव्हतंच. काय दाखवायचं ते आधी मनात ठरलं आणि काच नंतर चढली. पट्ट्या सरकवणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

आणि त्याही आधीचा काळ बघा. सुरुवातीची छायाचित्रं निळ्या आणि अतिनील प्रकाशालाच प्रतिसाद देणारी होती. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल यांनी इमल्शनमध्ये (प्लेटवरच्या प्रकाशसंवेदी लेपात) रंगद्रव्य घालून ती हिरव्यापर्यंत जागी केली, पण लाल दिसत नव्हता तो नव्हताच. म्हणून जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फोटोंत ओठ काळसर, गालावरचे डाग ठळक आणि आकाश कोरं पांढरं. तो जुनेपणाचा भास हवा असेल तर सेपिया चोपडण्यापेक्षा मिक्सरमध्ये लाल शून्य करा आणि हिरवा-निळा निम्मा-निम्मा घ्या. चेहरा लगेच शंभर वर्षं मागे जातो.

वाटसरू

काका, मग डिजिटल कॅमेऱ्यावर तोच लाल फिल्टर चढवला तर?

अंधारखोली

नको. लाल काचेतून हिरवा आणि निळा प्रकाश आत येतच नाही, म्हणजे बायर जाळीतले पाऊणभर पिक्सेल उपाशी राहतात. पाव पिक्सेलांवर फोटो निघतो. रंगीत सेन्सर आहे तर रंगीतच काढा. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) मात्र जरूर लावा, तो पुढे सॉफ्टवेअरमध्ये करता येत नाही. सूर्याशी काटकोनात उभं राहिलात तर आकाश छान उतरतं, पानांवरची चमकही जाते.

निळाई

मला चेहऱ्यांबद्दल विचारायचं आहे. कृष्णधवल केलं की कधी त्वचा मेणासारखी गुळगुळीत होते, कधी प्रत्येक डाग आणि रेघ ओरडून दिसते. मधला मार्ग कसा काढायचा?

शेवंती

निळाई, हा माझा आवडीचा विषय, जरा सविस्तर लिहिते.

माणसाची त्वचा कोणत्याही वर्णाची असो, तिचा रंग नारिंगीच्या पट्ट्यात येतो. फरक असतो तो उजेडाचा आणि रंगाच्या तीव्रतेचा. त्यामुळे लाइटरूममध्ये चेहऱ्याची सगळी सूत्रं नारिंगी पट्टीकडे आणि थोडी लालकडे असतात. रक्त आणि मेलॅनिन (त्वचेतलं रंगद्रव्य) दोन्ही लाल प्रकाश कमी शोषतात, निळा-हिरवा जास्त. म्हणून लाल चॅनेलमध्ये मुरुमं, लालसर डाग, डोळ्याखालची काळी वर्तुळं फिकी होतात. निळ्या चॅनेलमध्ये प्रत्येक रंध्र, प्रत्येक सुरकुती कोरल्यासारखी दिसते.

नुसतं लाल घेतलं तर ओठ आणि गाल एकाच करड्याचे होतात, चेहऱ्याला ओठच उरत नाहीत. तोच तो मेणाचा पुतळा. मी साधारण लाल ५०, हिरवा ४०, निळा १० पासून सुरू करते. तरुण चेहरा, मऊ उजेड असेल तर लाल वाढवते. वृद्ध चेहरा, बाजूने येणारा उजेड आणि त्या सुरकुत्यांमध्येच सगळं काही असेल तर हिरवा ६० च्या पुढे नेते. हिरव्यात ओठांना आकार राहतो, भुवया आणि पापण्या नेमक्या येतात आणि त्वचेचा पोतही खरा वाटतो.

एक आग्रहाने सांगते. सावळ्या किंवा काळ्या त्वचेचा फोटो करताना नारिंगी पट्टी वर ढकलून चेहरा गोरा करू नका. त्या त्वचेचं सौंदर्य खोल करड्यात आणि त्यावर पडणाऱ्या उजेडाच्या चमकेत असतं. कपाळावर, गालाच्या हाडावर, नाकाच्या शेंड्यावर जी लकाकी येते ती नीट जपली की चेहऱ्याला घडीव आकार येतो. पट्टी वर नेली की ती चमक आणि त्वचा यांतला फरकच पुसला जातो आणि चेहरा राखाडी, निर्जीव दिसतो. तपशील कमी दिसत असेल तर पट्टी सोडून फक्त सावल्या थोड्या उचला. फोटो काढतानाच मोठा, बाजूचा उजेड मिळाला तर तेवढंही करावं लागत नाही.

निळाई

खूप खूप धन्यवाद शेवंतीताई. हिरव्याचं प्रमाण वाढवून पाहिलं. ओठ परत आले!

वाटसरू

करडी_छटा यांनी सांगितल्याप्रमाणे पट्ट्यांवर काम सुरू केलं आणि फरक लगेच दिसला. पण आकाशाचं गणित बसत नाहीये. निळी पट्टी खाली ओढली की ढग सुरेख येतात, पण आकाशात वाळू सांडल्यासारखे दाणे, मध्येच चौकोनी ठिपके, आणि झाडाच्या कडेला पांढरी रेघ. फाइल जेपेग आहे.

पिक्सेलपंत

तिन्ही गोष्टींची कारणं वेगळी आहेत, एकेक घेऊ.

दाणे: निळं चॅनेल मुळात अशक्त असतं. रंगीत फोटोत त्याचा रंगीत नॉइज (हेच दाणे) डोळ्यांत भरत नाही, पण पट्टी टोकाला नेली की तोच नॉइज उजेड-अंधाराच्या रूपात बाहेर येतो. मिक्सरमध्ये निळा उणे ४० वगैरे करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की वजाबाकीत नॉइज वजा होत नाही, त्याची भरच पडते. उपाय असा की कृष्णधवल करण्याआधी, फोटो रंगीत असतानाच, रंगीत नॉइज काढा. उजेडाचा नॉइज मात्र राहू द्या, तो पुढे फिल्मच्या ग्रेनसारखा शोभतो.

चौकोनी ठिपके: जेपेग फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे करून दाबतो, आणि बऱ्याचदा रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा पाव रिझोल्युशनला साठवतो. रंगीत पाहताना हे कळत नाही. पट्ट्या मात्र नेमक्या त्या रंगाच्या माहितीवरच चालतात, म्हणून दाबलेलं सगळं उघडं पडतं. शिवाय जेपेगमध्ये प्रत्येक चॅनेलला २५६ पायऱ्या. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये (सेन्सरची न दाबलेली, कच्ची माहिती) १६,३८४. आकाशासारखा हळूहळू बदलणारा भाग ताणला की २५६ पायऱ्या अपुऱ्या पडतात आणि पट्टे दिसू लागतात. कृष्णधवल करायचं असेल तर रॉ काढा, आणि काम संपेपर्यंत १६ बिटमध्येच ठेवा.

पांढरी रेघ: लेन्समुळे कडांना जांभळी-निळी झाक येते. तिचा रंग आकाशाचाही नसतो आणि झाडाचाही. आकाशाची पट्टी खाली गेली, ती झाक तिथेच राहिली, म्हणून उजळ रेघ. आधी क्रोमॅटिक अ‍ॅबरेशनची दुरुस्ती करून घ्या.

आता एक मत. रंगांच्या सहा-आठ पट्ट्या आणि तीन आकड्यांचा मिक्सर यांत मी मिक्सरच्या बाजूचा. मिक्सर सगळ्या चौकटीला एकच सरळ हिशोब लावतो, त्यामुळे कडा तुटत नाहीत. पट्ट्या रंगाचा कोन (रंगचक्रावरची जागा) पाहून ठरवतात की हा पिक्सेल निळा की जांभळा. जिथे रंग अगदी फिका असतो, ढगाची कड किंवा धुकं, तिथे तो कोन नॉइजमुळे इकडेतिकडे उड्या मारत असतो आणि करड्यात डाग पडतात. पट्ट्यांना जास्तीत जास्त तीस-चाळीसपर्यंत न्या. आकाश त्याहून गडद हवं असेल तर वरून खाली एक ग्रेडियंट मास्क (हळूहळू विरत जाणारी निवड) टाकून एक्स्पोजर उतरवा.

मिक्सरमध्ये तिघांची बेरीज शंभर ठेवली की पांढरं पांढरंच राहतं. बेरीज त्यापुढे गेली तर उजळ भाग जळायला, म्हणजे कोरे पांढरे व्हायला लागतात.

करडी_छटा

पंतांच्या यादीत एक छुपी पट्टी जोडते: व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार फोटोतल्या रंगांचा समतोल. रॉ फाइलचं तापमान उबदार केलं की लाल वाढतो, निळा घटतो, म्हणजे त्वचा उजळते आणि आकाश उतरतं, तेही कडा न तुटता. फोटो कृष्णधवल स्थितीत ठेवून तापमानाची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवून पाहा. मला अनेकदा हवा तो करडा तिथेच सापडतो आणि रंगांच्या पट्ट्यांना हात लावायची गरज उरत नाही. टिंटची (हिरवा ते मॅजेंटा) पट्टीही तशीच. मॅजेंटाकडे, म्हणजे गुलाबी-जांभळ्याकडे नेली की पानं उतरतात.

पानांवरून आठवलं. पानं उजळ करायला लोक हिरवी पट्टी ओढतात आणि काहीच होत नाही. उन्हातल्या पानाचा रंग बऱ्याचदा पिवळ्या पट्टीत येतो. आधी पिवळी हलवा.

अंधारखोली

तुमचं सगळं मान्य, तरी एक मतभेद नोंदवतो. काढताना रंगीत आणि मग खुर्चीत बसून कृष्णधवल, यात माणूस पाहायचा आळस करायला लागतो. फोटो रंगीत आवडला नाही म्हणून कृष्णधवल करून बघणारे खूप दिसतात. कृष्णधवल काढायचा तर डोळ्यांनी आकार, सावली, पोत शोधत फिरलं पाहिजे. रंगीत सेन्सरच नसलेले कॅमेरे मला म्हणूनच पटतात. लायकाने २०१२ मध्ये एम मोनोक्रोम आणला, पेंटॅक्सने २०२३ मध्ये के-३ मार्क ३ मोनोक्रोम. जाळीच नाही, त्यामुळे प्रत्येक पिक्सेलला पूर्ण उजेड, तपशील टोकदार आणि जास्त आयएसओलाही (कमी उजेडासाठी वाढवलेली संवेदनशीलता) फाइल स्वच्छ. आणि हो, तिथे लाल काच पुन्हा कामाची!

करडी_छटा

काका, पाहण्याबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण त्या कॅमेऱ्यावर पिवळी काच लावून काढलेला फोटो कायमचा पिवळ्या काचेचाच राहतो. फूल पानात विरलं तर विरलं, परत आणायला दुसरं चॅनेलच नाही. जळलेल्या भागांचंही तसंच. रंगीत रॉमध्ये एक चॅनेल जळलं तरी दुसऱ्या दोघांवरून थोडंफार वाचवता येतं, तिथे एकदा गेलं की गेलं. अ‍ॅडम्स यांनी दुसरी प्लेट उघडली कारण पहिलीचा करडा नंतर बदलता येणार नव्हता. मला तो बदलता येतो, तर मी ती मोकळीक का सोडू?

तुमच्या मुद्द्यावर माझा तोडगा असा: कॅमेरा रॉ अधिक जेपेगवर आणि पिक्चर स्टाइल मोनोक्रोमवर. आरसा नसलेल्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये जगच कृष्णधवल दिसतं, डोळा आकारांवरच राहतो, आणि रॉ फाइलमध्ये सगळा रंग शाबूत असतो.

अंधारखोली

तोडगा चांगला आहे. पण ज्याला माहीत आहे की नंतर बदलता येईल, तो क्षणभर कमी थांबतो असं माझं निरीक्षण आहे, आणि ते मी सोडणार नाही.

शेवंती

दोघांच्या मध्ये पडत नाही. मी एवढंच म्हणेन की मिश्रण ठरल्यावरही फोटो अर्धाच झालेला असतो. डार्करूममध्ये कागदाचा एखादा भाग झाकून उजळ ठेवायचे, एखाद्याला जास्त उजेड देऊन गडद करायचे, ते डॉज आणि बर्न आजही तितकंच लागतं. डोळा सर्वांत उजळ आणि सर्वांत जास्त कॉन्ट्रास्टच्या जागी आधी जातो. चेहऱ्यामागे पांढरी खिडकी असेल तर ती दाबल्याशिवाय चेहरा दिसणारच नाही. मऊ ब्रश, पाच-दहा टक्के जोर, पुन्हा पुन्हा. एका झटक्यात केलेलं बर्न धुराच्या डागासारखं कळतं.

निळाई

प्रिंटबद्दलही कुणी सांगेल का? स्क्रीनवर छान दिसलेला फोटो कागदावर हिरवट आला आणि सावल्या बुडाल्या.

पिक्सेलपंत

हिरवट याचा अर्थ प्रिंटरने करडा रंगीत शाईंच्या मिश्रणातून बनवला. त्या मिश्रणात किंचित फरक पडला तरी झाक येते, आणि दिव्याखाली एक, उन्हात दुसरी अशी बदलतेही. दोन-तीन करड्या शाई असलेला इंकजेट आणि त्याचा खास कृष्णधवल मोड वापरणारा लॅब शोधा. फाइल मागतील त्या प्रोफाइलमध्ये (रंगांचे आकडे कसे वाचायचे याचं मानक) द्या, बहुतेकांना एसआरजीबी लागतं. झाक टाळताच येत नसेल तर मुद्दाम हलका उबदार टोन द्या, मग ती ठरवून दिलेली दिसते. बुडालेल्या सावल्यांचं कारण बहुधा स्क्रीनची ब्राइटनेस. ती उतरवून परत पाहा. मॅट कागदावर काळा तेवढा खोल जात नाही, तिथे सावल्या थोड्या उघड्याच ठेवा.

वाटसरू

शेवटचा प्रश्न. घरातले जुने फोटो स्कॅन करतोय. काही रंगीत आहेत, पार लालसर झालेले. काही मूळचेच कृष्णधवल, पण पिवळे पडलेले, एकावर चहाच्या रंगाचा डाग. हे ग्रेस्केलमध्येच स्कॅन केले तर काम सोपं होईल ना?

करडी_छटा

नाही नाही, ग्रेस्केलमध्ये अजिबात करू नका! मूळ कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच आणि शक्यतो १६ बिट. या धाग्यातलं सगळं इथेच सर्वांत जास्त उपयोगी पडतं.

पिवळेपणा आणि तपकिरी डाग निळा प्रकाश शोषतात, लाल जवळजवळ तसाच परत पाठवतात. म्हणून निळ्या चॅनेलमध्ये डाग काळा दिसेल, हिरव्यात मध्यम, आणि लाल चॅनेलमध्ये तो बऱ्याचदा ओळखूही येणार नाही. मिक्सरमध्ये लाल १००, बाकी दोन्ही शून्य. मूळ प्रतिमा करडी आहे, त्यामुळे ती तिन्ही चॅनेलमध्ये सारखीच असते, एकच चॅनेल घेऊन काही गमावत नाही. ग्रेस्केल स्कॅनमध्ये डाग प्रतिमेत कायमचा मिसळला असता.

लालसर झालेल्या रंगीत फोटोंचं उलट आहे. तिथे सायन (हिरवट-निळं) रंगद्रव्य उडालेलं असतं आणि लाल चॅनेलची प्रतिमा त्याच्यावरच उभी असते. लाल चॅनेल उघडलंत तर फिकट धुकं दिसेल. हिरवं चॅनेल पाहा. मॅजेंटा टिकलेला असेल तर चेहरे, कपड्यांच्या घड्या, मागची भिंत, सगळं तिथे जागच्या जागी सापडेल. हिरवा ८० ते १००, निळा चवीपुरता.

निळाई

आणि फोटोवर कुणी निळ्या शाईने नाव-तारीख लिहिलेली असेल तर?

करडी_छटा

निळी शाई निळ्या चॅनेलमध्ये सर्वांत फिकी आणि लालमध्ये सर्वांत गडद असते. फोटो हवा असेल तर निळं चॅनेल घ्या. पूर्ण पुसली जाणार नाही, पण दुरुस्तीचं काम खूप कमी होईल. अक्षर वाचायचं असेल तर लाल घ्या. लाल शिक्का असेल तर तो लाल चॅनेलमध्ये फिका पडेल. रंगीत स्कॅनची मूळ फाइल मात्र वेगळी जपून ठेवा, त्यावर काहीही करू नका. कृष्णधवल नेहमी प्रतीवर.

वाटसरू

लाल चॅनेल घेऊन पाहिलं, डाग दिसत नाही. डागाखाली खांद्यावरची शाल आहे, तिची किनारसुद्धा आली. आता हिरव्या चॅनेलने रंगीत फोटो घेतो.